विजेची सिगारेट आणि तिचा कायदा

तंबाखू आपल्या गावांना नवी नाही. कोणाच्या कनवटीला चंची असते, कोणाच्या कानावर विडी असते. घरातली म्हातारी सकाळी उठून मशेरी भाजते. तंबाखू कशी दिसते आणि तिचा वास कसा येतो, हे लहान पोरालाही सांगावे लागत नाही. म्हणून पोराने चोरून विडी ओढली तर घरात कळते. अंगाचा वासच सांगतो.

पण आता एक अशी वस्तू निघाली आहे, की ती फळीवर उघडी पडलेली असली तरी आईबापांना ओळखू येत नाही. तिला काडीपेटी लागत नाही. तिची राख पडत नाही, थोटूक उरत नाही. वास आला तर तो आंब्याचा नाही तर पुदिन्याचा येतो. दिसायला ती कधी लिहिण्याच्या पेनासारखी असते, कधी ओठ रंगवायच्या कांडीसारखी, तर कधी संगणकाला लावतात त्या पेन ड्राइव्हसारखी. तिचे नाव ई-सिगारेट. म्हणजे विजेवर चालणारी सिगारेट. तरुण पोरे तिला ‘वेप’ म्हणतात.

ही वस्तू तयार करणे, परदेशातून आणणे, विकणे, वाहून नेणे, साठवून ठेवणे आणि तिची जाहिरात करणे, या सगळ्याला आपल्या देशात २०१९ सालापासून बंदी आहे. तरीही ती फोनवर दिसते आणि मागवली तर पार्सलाने येते. शहरात शिकायला गेलेला मुलगा सुटीत घरी येतो, तेव्हा कधी कधी ती त्याच्या खिशातून गावातही येते. म्हणून ही वस्तू आहे तरी काय, कायदा काय म्हणतो आणि आपण नकळत त्यात कुठे सापडू शकतो, हे समजून घेऊ.

ही चालते कशी?

सर्दी झाली की आपण वाफारा घेतो. पातेल्यात पाणी उकळते, त्यात निलगिरीचे दोन थेंब टाकतो आणि डोक्यावरून पांघरूण घेऊन वाफ ओढतो. ई-सिगारेट काहीशी तशीच चालते. फक्त पातेले बोटाएवढे असते आणि आत पाणी नसते.

तिच्यात तीन भाग असतात. एक बॅटरी. फोनची करतो तशीच ती चार्ज करायची. दुसरी एक बारीक तार. विजेच्या शेगडीतली तार जशी लाल होते, तशी ही तार तापते. तिसरी एक छोटी कुपी. तिच्यात पातळ, गोडसर औषधासारखे द्रव असते. तोंडाने ओढले की तार तापते, द्रव तापते आणि त्याचा ढग होऊन छातीत जातो. पुष्कळ वस्तूंत ही कुपी संपली की नवी बसवता येते. काही वस्तू मात्र संपल्या की फेकूनच द्यायच्या असतात.

विकणारे म्हणतात, ‘ही तर नुसती वाफ.’ हे खरे नाही. त्या द्रवात ग्लिसरीन असते, प्रॉपिलीन ग्लायकॉल नावाचे रसायन असते, वासाची द्रव्ये असतात आणि बहुतेक कुप्यांत निकोटिन असते. निकोटिन हा शब्द नवा वाटेल, पण वस्तू जुनीच आहे. तंबाखूची तलफ येते ती निकोटिनामुळे. सकाळी चिमूट मळल्याशिवाय ज्याला बाहेर जाता येत नाही, त्याला निकोटिन काय करते ते आम्ही सांगायला नको.

तंबाखूच्या मानाने यात एक फरक आहे आणि तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे. विडीचा पहिला झुरका घेणाऱ्याला ठसका लागतो. डोळ्यांत पाणी येते. कित्येक पोरे तेवढ्यावरच विडी टाकून देतात. म्हणजे तो ठसका एक प्रकारे राखणदारच असतो. ई-सिगारेटमध्ये हा राखणदार उठवून लावलेला आहे. ढग मऊ असतो, गोड असतो. घशाला काही कळतच नाही. निकोटिन मात्र भरपूर जाते. अमेरिकेत जूल नावाची अशी वस्तू फार खपली. तिच्या एका छोट्या कुपीत वीस सिगारेटींच्या पाकिटाएवढे निकोटिन असते, असे ती विकणाऱ्या कंपनीचेच म्हणणे होते. वाढत्या वयाच्या मुलांच्या मेंदूला निकोटिन बाधते आणि त्या वयात लागलेली सवय सुटायला फार जड जाते.

आणखी एक. ते द्रव लहान मुलाच्या पोटात गेले तर विषबाधा होते. त्याला गोड वास येतो, म्हणून मूल ते तोंडाला लावण्याची भीती अधिक. असे झाले तर घरगुती उपाय करीत बसू नये. मुलाला आणि त्या कुपीलाही घेऊन थेट दवाखाना गाठावा.

मग ही काढली कोणी आणि कशाला?

आज ज्या तऱ्हेची ई-सिगारेट चालते ती २००३ च्या सुमारास चीन देशातल्या होन लिक नावाच्या औषधतज्ज्ञाने काढली. तो स्वतः सिगारेट ओढीत असे. ती सुटावी म्हणून त्याने ही खटपट केली. हेतू वाईट नव्हता. तंबाखू जळते तेव्हा डांबरासारखा चिकटा निघतो आणि तो फुप्फुसाला मारतो. जाळायचे नाही, नुसते तापवायचे, म्हणजे चिकटा नाही, असा त्याचा विचार.

ब्रिटन देशाने हा विचार मानला. तिथले सरकारी डॉक्टर सिगारेट सुटत नसलेल्या मोठ्या माणसाला ‘त्यापेक्षा ही घे’ असे सांगतात. पण तिथेही मोकळे रान नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला विकता येत नाही. दूरदर्शन, रेडिओ, वर्तमानपत्र आणि इंटरनेट यांवर जाहिरात करण्याला २०१६ सालापासून मनाई आहे. द्रवात किती निकोटिन असावे याला माप घालून दिले आहे. एवढे करूनही शाळकरी मुले ती ओढू लागली. तेव्हा १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या ई-सिगारेटी विकायलाही तिथे बंदी आली.

अमेरिकेत आधी मोकळीक मिळाली आणि नियम मागून आले. जूल ही वस्तू तिथे २०१५ साली बाजारात आली. तिच्या जाहिरातीत तरुण, देखणी माणसे होती. नाचणारी, हसणारी. फोनवरच्या समाजमाध्यमांतून त्या जाहिराती फिरल्या. मग मुलेच एकमेकांना आपले फोटो दाखवू लागली आणि कंपनीला वेगळा खर्च करायची गरजही फारशी उरली नाही. २०१९ साली तिथल्या सरकारी पाहणीत असे आढळले, की माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांतली शंभरातली सत्तावीस-अठ्ठावीस मुले ई-सिगारेट ओढतात. पुढे अनेक राज्यांनी कंपनीवर खटले भरले आणि कंपनीला कोट्यवधी डॉलर द्यायचे कबूल करावे लागले. पण पैसे राज्यांना मिळाले. मुलांची सवय मुलांजवळच राहिली.

त्याच २०१९ साली अमेरिकेत फुप्फुसाच्या एका आजाराची साथ आली. २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत २,८०७ माणसे इस्पितळात गेल्याची किंवा दगावल्याची नोंद झाली. त्यांत ६८ जण दगावले. हा आकडा सांगून भीती घालणारे पुष्कळ आहेत. आम्ही पुरे सांगतो. त्यांतल्या बहुतेकांनी गांजाचा अर्क घातलेली कुपी ओढली होती आणि त्या अर्कात ‘ई’ जीवनसत्त्वाचे तेल मिसळलेले होते. म्हणजे प्रत्येक ई-सिगारेटीने असे होते, असे नाही. पण चोरट्या बाजारातल्या कुपीत कोणी काय मिसळले आहे, हे ओढणाऱ्याला कधीच कळत नाही. आपल्याकडे तर आता सगळाच माल चोरट्या बाजारातला आहे.

आपला कायदा

आपल्या देशात पंजाब, कर्नाटक अशा काही राज्यांनी आधीच पावले उचलली होती. २०१८ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने सगळ्या राज्यांना ही विक्री होऊ देऊ नका असा सल्ला पाठवला. सल्ला म्हणजे कायदा नव्हे. विकणारे कोर्टात जाऊ लागले. शेवटी १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला. त्याच वर्षी लोकसभेने नोव्हेंबरात आणि राज्यसभेने डिसेंबरात विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची सही झाली आणि त्याचा पक्का कायदा झाला.

त्या वेळी आपल्याकडे ही वस्तू फारशी पसरलेली नव्हती. २०१६-१७ च्या तंबाखू पाहणीत शंभर मोठ्या माणसांपैकी तिघांनीच ई-सिगारेटचे नाव ऐकले होते. ओढणारे तर दहा हजारांत दोन. कोणी विचारील, मग एवढी घाई कशाला? आमच्या मते हीच वेळ बरी होती. शेतात हरळी चार काड्यांची असते तेव्हा खुरप्याने निघते. मुळे खोल गेल्यावर नांगरालाही आवरत नाही. विडी-तंबाखूची मुळे किती खोल गेली आहेत ते आपण पाहतोच. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभर मोठ्या माणसांपैकी सव्वीस-सत्तावीस जण कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते.

कायद्याची शिक्षा अशी आहे. ई-सिगारेट तयार केली, आणली, विकली, वाहून नेली, वाटली किंवा तिची जाहिरात केली, तर पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. माल साठवायला जागा दिली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. झडती घेण्याचा आणि माल जप्त करण्याचा अधिकार फौजदाराला, म्हणजे पोलीस सब-इन्स्पेक्टरला आणि त्याच्या वरच्या अधिकाऱ्यांना आहे.

ओढणाऱ्याला काय शिक्षा? नुसती ओढली म्हणून या कायद्यात शिक्षा सांगितलेली नाही. सिंगापूरसारख्या देशात जवळ बाळगणे आणि ओढणे हाही गुन्हा आहे. आपल्या कायद्याचा रोख विकणाऱ्यावर आहे. हे आम्हाला योग्य वाटते. सोळा वर्षांचे पोरगे फसले तर त्याला आधी डॉक्टर हवा. पण त्याच पोराने पाच कुप्या मागवून तीन मित्रांना विकल्या, की तो विकणारा झाला.

जाहिरात म्हणजे काय?

इथे कायदा फार बारकाईने लिहिला आहे. ते वाचून आम्हालाही नवल वाटले. जाहिरात म्हणजे नुसता रस्त्यावरचा फलक नव्हे. उजेडाने, आवाजाने, धुराने, वायूने, छापील कागदाने, इंटरनेटवरून किंवा समाजमाध्यमातून केलेली कुठलीही प्रसिद्धी म्हणजे जाहिरात. एवढेच नाही, तर सूचना, परिपत्रक, चिठ्ठी, वेष्टन आणि बिलाचा कागदही त्यात येतो.

इतके बारीक लिहायला कारण आहे. सिगारेटीच्या जाहिराती बंद करायच्या ठरल्या तेव्हा काय काय झाले ते ज्यांचे वय झाले आहे त्यांना आठवेल. १९९६ सालची क्रिकेटची विश्वस्पर्धा एका सिगारेटीच्याच नावाने भरली होती. आपल्या खेळाडूंच्या सदऱ्यावरही ते नाव असे. खेळ पाहणारी पोरे ते वाचीत. २००३ साली तंबाखूचा कायदा झाला आणि २००४ च्या मे महिन्यापासून तशा जाहिराती बंद झाल्या. तेव्हा पळवाटा निघाल्या. नाव तेच, पुडीचा रंग तोच, पण जाहिरात मात्र वेलचीची! म्हणून नवा कायदा करताना सगळी दारे लावून घेतली.

तरी फोनचे दार लावणे कठीण आहे. फोनवर एक तरुण गाण्याच्या तालावर नाचतो आणि मधेच तोंडातून पांढरा ढग सोडतो. ‘विकत घ्या’ असे तो म्हणत नाही. वस्तूचे नावही घेत नाही. खाली कोणीतरी विचारतो, ‘भाऊ, कुठे मिळेल?’ आणि उत्तर खासगी निरोपात जाते. दुकान नाही, पाटी नाही, दुकानदाराचा चेहरा नाही. पैसे फोनवरूनच जातात. दोन-चार दिवसांनी पार्सल येते आणि त्यावर भलत्याच वस्तूचे नाव असते.

फोनवरून विकणे हीही विक्रीच, असे कायद्यात स्पष्ट म्हटले आहे. ‘आम्ही दुकान मांडलेले नाही, फक्त फोनवर कळवले’ ही सबब चालत नाही. बंदी असूनही माल येतो कुठून? बराचसा समुद्रापलीकडून. २०२२ च्या सप्टेंबरात गुजरातच्या मुंद्रा बंदरात चीनहून आलेल्या एका मोठ्या पेटाऱ्यात दोन लाखांवर ई-सिगारेटी सापडल्या. कागदावर माल दुसराच दाखवला होता.

गावात हा प्रश्न कुठे येतो?

आता आपल्या दाराशी येऊ. समजा, गावात एकाचे किराणा दुकान आहे. त्याचा भाचा शहरातून येतो.

“मामा, एवढा खोका दोन दिवस तुमच्या माडीवर ठेवा.”

“काय रं हाय त्यात?”

“काही नाही हो, चार्जिंगचं सामान.”

मामा खोका ठेवून घेतो. मामा निर्दोष आहे काय? कायदा म्हणतो, जाणूनबुजून जागा दिली तर गुन्हा. मामाला खरोखर माहीत नसेल तर गोष्ट वेगळी. पण भाच्याने ‘वेप आहे, कोणाला बोलू नका’ असे सांगितले आणि मामाने मान डोलावली, तर तो सापडला. मग नाते उपयोगी पडत नाही. मामाने तेव्हाच म्हणावे, “बाबा रे, खोका उघड. बघू दे, मग ठेवू.” यात भाच्याचा अपमान नाही. जागा मामाची आहे.

तेच टेम्पोवाल्याचे. वाहून नेणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. गावातली बरीच पोरे आता पार्सल पोचवण्याचे काम करतात. बंद पार्सलात काय आहे ते त्यांना कळत नाही आणि ते फोडण्याचा त्यांना अधिकारही नाही. पण कोणी वर चार पैसे देऊन ‘हे पार्सल नोंदीबाहेर ने’ म्हणाला, तर समजावे, की काहीतरी पाणी मुरते आहे. नोंद असलेल्या पार्सलात पाठवणाऱ्याचा माग लागतो. नोंदीबाहेरच्या पार्सलात फक्त पोचवणारा सापडतो.

घरच्या मुलाजवळ ही वस्तू दिसली तर काय करावे? पहिली गोष्ट, मारहाण करू नये. मार खाल्लेले मूल लपवायला शिकते, आणि ही वस्तू लपवायला तर फार सोपी आहे. कुठून आणली, पैसे कोणी दिले, आणखी कोणाकोणाजवळ आहे, हे शांतपणे विचारावे. कित्येकदा फोन बापाचा आणि पैशाचा खाताही बापाचाच असतो. तेव्हा महिन्याकाठी खात्यातून कोणाकोणाला पैसे गेले, ते आता आपल्याला वाचता येते तर स्वतः वाचावे. पोराकडून वाचून घेऊ नये. विकणाऱ्याची माहिती मिळाली तर पोलिसांना कळवावी. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२३ साली अशा तक्रारींसाठी इंटरनेटवरही सोय केली आहे. फोनवर दिसलेल्या जाहिरातीचे चित्र जपून ठेवावे. जाहिरात पुसली जाते, चित्र राहते.

आता राहिला एक प्रश्न आणि तो अगदी रास्त आहे. विडी-सिगारेटीने माणसे मरतात हे सरकारच पाकिटावर छापते. मग विडी बाजारात उघड विकायची आणि ई-सिगारेटीला बंदी, हा कुठला न्याय? जे कायद्याला नावे ठेवतात ते हेच म्हणतात. ते असेही म्हणतात, की सिगारेट सोडू पाहणाऱ्याची एक वाट बंद झाली. यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण विडीवर पोट असलेली माणसे फार आहेत. सोलापुरात, सिन्नरला बाया घरी बसून विड्या वळतात. गडचिरोली-गोंदियाकडे उन्हाळ्यात तेंदूपानावर घरे चालतात. निपाणीकडे शेतकरी तंबाखू पिकवतात. एका सहीने ते सगळे बंद करणे कोणालाच जमलेले नाही. जे अजून पसरलेले नाही ते तरी पसरू देऊ नये, एवढाच या कायद्याचा हिशेब आहे. तो अर्धा आहे हे खरे. पण म्हणून तो चूक ठरत नाही.

आणि सोडू पाहणाऱ्याची वाट बंद झालेली नाही. निकोटिनची चघळायची गोळी औषधाच्या दुकानात मिळते. ती औषध म्हणून तपासलेली असते आणि या कायद्याने तिला मनाई केलेली नाही. डॉक्टरांना विचारून ती घ्यावी. शिवाय सरकारचा एक फोन आहे. त्याचा आकडा १८००-११-२३५६. तंबाखूच्या पाकिटावर तो छापलेला असतो. या फोनला पैसे पडत नाहीत. विडी, सिगारेट, गुटखा, मशेरी, ई-सिगारेट, काहीही सोडायचे असले तरी तिथे सल्ला मिळतो.